समुद्रातून उगवणारा सूर्य आणि माझे 13,491 रुपये 28 पैसे

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. सोलापुरात होटगी रोडला एका चादरीच्या कारखान्यात मी अकाउंट्स बघतो. दिवसभर दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढणारा माणूस असा नागवला गेला, हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

मे महिना. पारा 43 वर. गच्चीवर दोनदा पाणी मारलं तरी रात्री अकराला फरशी चटके देत होती. तिथंच पडल्या पडल्या इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली: वागातोरला समुद्राकाठच्या एका बारमध्ये शनिवारी संध्याकाळी पाचपासून डीजे, चौघंजण आळीपाळीने वाजवणार. आई म्हणाली, "डीजे ऐकायला गोव्याला कशाला? आपल्या चौकात काय कमी वाजतो?" तेव्हा ऐकायला हवं होतं. पण ग्रुपवर तिघं लगेच तयार. "तू काढ बे तिकिटं, नंतर देतो की."

जाहिरातीखालच्या नंबरवर व्हॉट्सॲप केलं. तिकीट 1,799, चौघांचे 7,196. समुद्राकडच्या टेबलाचं डिपॉझिट 5,000, ते म्हणे निघताना परत मिळणार. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, जीएसटी राहिला: 1,295 रुपये 28 पैसे. मी कॅल्क्युलेटर काढला. 7,196 चे 18 टक्के, बरोब्बर. त्या 28 पैशांनी माझा घात केला. लबाड माणूस पैशापर्यंत हिशोब कशाला लावेल, असं वाटलं. लावतो. माझ्यासारख्यांसाठीच लावतो.

आता जे सांगतोय ते आठवलं की अजून झोप उडते. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्यातरी बाईचं, बारचं नव्हे. मी थांबलो. विचारलंसुद्धा. उत्तर आलं, "मॅडम आमचे अकाउंट्स बघतात." झालं, आपल्याच धंद्यातली बाई म्हणून मी पिन टाकला. तुम्ही टाकू नका. बारचे पैसे बारच्याच खात्यात जायला पाहिजेत.

आणि पोस्टर! खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, "समुद्रातून सूर्य उगवेपर्यंत." अहो, गोव्याचा समुद्र पश्चिमेला. तिथं सूर्य समुद्रात बुडतो, उगवतो मागच्या डोंगराकडून. चौथीच्या पोराला कळेल. शिवाय उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावता येत नाही, हा नियम 2000 सालापासून देशभर आहे. वर्षातले थोडे दिवस सूट मिळते, तीही बारापर्यंतच. मिरवणुकीच्या वेळी पोलिसांशी याच नियमावरून वाद घातलेला माणूस मी. मग पहाटेपर्यंत कोण वाजवू देणार, हे सुचलं नाही. उन्हानं डोकं चालत नव्हतं असं म्हणा, नाहीतर हाव म्हणा.

विजापूर, बेळगाव, चोरला घाट, रात्रभर गाडी. डिझेलचे 4,300 वेगळे. दारावरच्या पोरानं टेबल-बुकिंगच्या मशीनवर आमचा क्यूआर स्कॅन केला, मशीन लाल झालं. परत केला, परत लाल. तो कंटाळून म्हणाला, "सकाळपासून तुमची चौथी गाडी." बार खरा, डीजे खरे, फक्त आत जायला तिकीटच नव्हतं, बसा, प्या, बिल भरा. बारच्या पानावर फोन नंबर होता. एक फोन केला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. आम्ही बाहेर वाळूत बसून शेंगा चटणीशी कडक भाकरी खाल्ली आणि फुकट ऐकलं. दहाला आवाज बंद.

लाजेपोटी तीन दिवस गप्प राहिलो, ही दुसरी चूक. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला पहिल्या तासातच फोन करा, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता येतात. चौथ्या दिवशी बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकलाय ना?" एवढं बोलून साहेब जेवायला. पोलीस ठाण्यात म्हणाले, कार्यक्रम गोव्याला, तिकडं तक्रार द्या. गोव्याला फोन लावला तर पैसे सोलापुरातून गेलेत, तिकडं द्या. मी चेंडू आहे का? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठंही घडो, खबर घ्यायची. ते मोबाइलवर दाखवलं तर हवालदार म्हणाले, "वकील आहात का?" तीन हेलपाटे, प्रत्येक वेळी अर्धी रजा. शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला आणि पोच मागितली तर झेरॉक्स बाहेरून काढून आणायला लावली. दोन रुपये. तेही धरा.

स्क्रीनशॉट, चॅट, व्यवहाराचा 12 आकडी नंबर, काही पुसू नका. मी रागात चॅट डिलीट केली होती. एका मित्राला पुढे पाठवलेले फोटो होते म्हणून वाचलो. बरोबर आलेल्या तिघांतल्या दोघांनी अजून आपला वाटा दिलेला नाही. "तूच फसलास बे," म्हणतात.

काल तीच जाहिरात परत दिसली. तारीख बदललीय, तिकीट 1,999 झालंय. सूर्य अजून समुद्रातूनच उगवतोय.