बारा जण की एकटा न्यायाधीश?

इंग्लंडच्या क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या कोर्टात, खटले इतके तुंबलेत की, पीडितांना तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. लोक वैतागलेत. २०२५ मध्ये सरकारने उपाय सुचवला: ज्या खटल्यांत शिक्षा साधारण तीन वर्षांच्या आत असेल, ते ज्युरीविना, म्हणजे दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या बारा सामान्य नागरिकांविना, एकट्या न्यायाधीशापुढे चालवायचे.

वेगात न्यायाधीश सरस, यात वाद नाही. बारा जण निवडा, त्यांना कायदा समजावून सांगा, हे सगळं वाचतं. शिवाय न्यायाधीश निकालाची कारणं देतो. ज्युरी फक्त ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ म्हणते. का, ते खोलीबाहेर येत नाही. हरलेल्याला हे फार झोंबतं.

पण १६७० चा लंडनमधला खटला आठवा. रस्त्यावर प्रवचन दिलं म्हणून विल्यम पेन आणि विल्यम मीड आरोपी. ज्युरी दोषी ठरवेना, म्हणून तिला रात्रभर कोंडलं: अन्न नाही, पाणी नाही, शेकोटी नाही, तंबाखूसुद्धा नाही. तरी बधली नाही. मग दंड. ज्युरीतल्या एडवर्ड बुशेलने तो भरायला नकार दिला, तुरुंगात गेला, आणि वरच्या कोर्टाने त्याला सोडताना ठरवलं की निकालासाठी ज्युरीला शिक्षा करता येणार नाही. सरकारी पगारावरच्या एकट्या माणसाकडून एवढ्या हट्टाची अपेक्षा ठेवायची? मला जड जातं.

किचकट आर्थिक घोटाळ्यांपुरता न्यायाधीश चालेल. बाकी, खटले तुंबले ते कोर्टरूम रिकाम्या राहिल्या, वकील कमी पडले म्हणूनही. त्याचं खापर ज्युरीवर कशाला?