आहारतज्ज्ञाचं व्याख्यान की कॅन्टीनचा बदललेला मेनू?

कामगारांनी नीट खावं म्हणून कारखान्याने थोडे पैसे बाजूला काढले, तर ते कशावर खर्चावेत?

व्याख्यान: एका दुपारी होतं, खर्च कमी. मधुमेह असलेल्यांना त्यातून खरोखर उपयोगी माहिती मिळते. पण रात्रपाळीत दोन वाजता भूक लागल्यावर समोर फक्त वडापाव नि गोड चहा असेल, तर ऐकलेलं कोण पाळणार?

कॅन्टीन: इथे मेहनत जास्त. तळणीचं तेल पुन्हा वापरायचं नाही, रोज एक उसळ हवी, अधूनमधून ज्वारीची भाकरी हवी, हे कंत्राटदाराच्या करारातच लिहून घ्यावं लागतं. कोशिंबीर रांगेच्या सुरुवातीला, पापड-लोणचं शेवटी. चहा बिनसाखरेचा, साखर वेगळी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. ताटावर बसून ते मोजणं कुणालाच जमत नाही. स्वयंपाकी पातेल्यातच कमी घालू शकतो.

चव बिघडली तर लोक गेटबाहेरच्या गाडीवर जातील, हा धोका खरा आहे. म्हणून बदल हळूहळू आणि कामगारांना विचारूनच करावेत. १९४८च्या कारखाने कायद्यात २५०हून अधिक कामगारांसाठी कॅन्टीनची तरतूद करताना त्याच्या समितीत कामगारांचे प्रतिनिधी असण्याचाही विचार होता, तो उगाच नाही.

माझं मत कॅन्टीनला. डबा आणणारे मात्र यातून सुटतात. त्यांच्यासाठी व्याख्यान ठेवायचंच, तर घरी स्वयंपाक करणाऱ्यांनाही बोलवावं.