सात चाकू, २४,९३९ रुपये आणि 'गंज चढतच नाही'

चोवीस हजार नऊशे एकोणचाळीस. आकडा मुद्दाम पुरा लिहितोय, कारण घरी मी 'आठ-नऊ हजार गेले' एवढंच सांगितलंय आणि ते खोटं आहे.

मी बेळगावात उद्यमबागेत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. दिवसभर कास्टिंगची हार्डनेस बघणं, माल रिजेक्ट करणं आणि सप्लायरच्या शिव्या खाणं हेच काम. म्हणजे लोखंड-पोलाद कळत नाही असल्यातला मी नव्हे. तरी फसलो. हसायचं असेल तर इथंच हसून घ्या, पुढं आणखी आहे.

आम्ही सातजण. सुट्टी मिळाली की राजहंसगड, नाहीतर चोर्ला, तिलारीकडं. रानात मुक्काम असला की जळण फोडायला, खुंट्या तासायला प्रत्येकाला आपापला चाकू हवा होता. घडीचा नको, त्याच्यावर लाकडानं दोन टोले हाणले की बिजागरी ढिली होते. पातं चार-साडेचार इंच, जाडी साडेतीन-चार मिलिमीटर, आणि फुल टँग, म्हणजे पात्याचंच पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत सलग गेलेलं. परदेशी ब्रँडचे परवडत नव्हते, आणि त्यांचे डुप्लिकेटही बाजारात भरपूर. म्हणून म्हटलं, हातानं बनवणारा कुणीतरी आपल्याकडचाच गाठावा.

तो फोनवर सापडला. निवृत्त जवान, कोल्हापूर बाजूच्या गावात भट्टी घातलीय, कार्बन स्टीलचे चाकू हातानं बनवतो म्हणायचा, डीपीत गणवेश. ही तऱ्हा तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होती. पण कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर असलेल्या गावात आम्ही वाढलो. आमच्या गल्लीतच तीन निवृत्त सुभेदार आहेत. माजी सैनिकावर संशय घ्यायचा म्हणजे आपलीच जीभ अडखळते. तो खरंच फौजेत होता की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

आणि मी काही आंधळेपणानं पैसे पाठवले नाहीत, हेही लिहून ठेवतो. आधी १,४५० रुपये देऊन एक सॅम्पल मागवलं. कंपनीतल्या रॉकवेल मशिनवर, म्हणजे हार्डनेस मोजणाऱ्या मशिनवर लावलं, ५८ आलं. व्हिनेगरमध्ये बुडवलेलं फडकं पात्यावर ठेवलं, अर्ध्या तासात काळपट डाग पडला. म्हणजे कार्बन स्टील खरं. मुठीच्या दोन्ही पट्ट्यांमधून पोलादाची कड शेवटापर्यंत दिसत होती. खुशीत राजहंसगडावर जाऊन त्या चाकूनं फांदी तासतानाचा एक व्हिडिओ केला, 'असला चाकू मी आजवर हातात धरला नव्हता' असं म्हणालो आणि त्याला पाठवून दिला.

मग सात चाकूंची ऑर्डर. ३,२५० चा भाव ओढून ताणून ३,१०० वर आणला, एकूण २१,७००. अर्धे, म्हणजे १०,८५० आगाऊ. यूपीआयवर नाव भलत्याच बाईचं आलं. 'मिसेसचं खातं आहे, भावा.' बरं.

सॅम्पल पास म्हणजे लॉट पास नव्हे. हे वाक्य मी आठवड्यातून चारदा कुणा ना कुणा सप्लायरला ऐकवतो.

आता तो क्षण. रात्री झोप येत नाही ती ह्याच्यामुळं.

तीन आठवड्यांनी त्यानं तयार चाकूंचे फोटो पाठवले. पात्यावर काळं कोटिंग आणि मुठीला चहूबाजूंनी दोरी गुंडाळलेली. मी विचारलं, टँगची कड दिसत नाही ती? म्हणाला, 'हिडन टँग केलीय, मुठीच्या आत लपलेली, वजन कमी होतं. स्वीडनचे मोरा चाकू बघा की, तेबी तसलेच.' आता मोराचे बरेच चाकू खरोखरच तसे असतात आणि चांगले असतात, त्यामुळं मी गप्प. अर्धं खरं बोलणारा माणूस लई वाईट. पुढं मी सहज म्हटलं, आमच्याकडं खानापूर बाजूला पाऊस फार, तेल लावत बसावं लागेल. त्यावर तो म्हणाला, 'छे छे, हे दहा-पंच्याण्णव आहे, ह्याला गंज चढतच नाही.'

अरे!

१०९५ म्हणजे कार्बन स्टीलचीच एक जात. त्यात शेकडा सुमारे ०.९५ कार्बन असतो, आणि गंज थोपवायला लागतं ते क्रोमियम जवळजवळ नसतंच. ते गंजणारच. ते कळायला क्वालिटीत नोकरी लागत नाही. माझ्या आजीनं लोखंडी इळीवर आंबाडं चिरलं की इळी काळी पडायची, आणि ती हाताला आलेली प्रत्येक सून-नात धरून सांगायची, 'पुसून ठेव गं, न्हाईतर सकाळी तांबडी हुतीया.' मी त्या इळीजवळ बसून जेवलोय. आणि एका माणसानं मला फोनवर सांगितलं की कार्बन स्टीलला गंज चढत नाही, आणि मी म्हटलं, 'वा, मग बरंच झालं.'

बरंच झालं म्हटलं मी! आणि उरलेले १०,८५० पाठवले. वर कुरिअर आणि विमा म्हणून ७४०.

चार दिवसांनी फोन. पार्सल अडकलंय, 'शस्त्र' म्हणून धरलंय, क्लिअरन्सचे २,४९९ भरा, नाहीतर तुमच्या नावानं केस होईल. हे पैसे मी मित्रांना न सांगता भरले. भ्यालो, सरळ सांगतो. बेळगावात कधी कुठल्या बोर्डावरून काय पेटेल सांगता येत नाही, अशा गावात माझ्या नावावर सात चाकूंचं पार्सल! नंतर वाचलं की शस्त्र नियमांत परवान्याचा प्रश्न येतो तो नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याला, आणि त्यातूनही घरकामाची-शेतीची हत्यारं वगळलेली. माझं पातं साडेचार इंच. पार्सल हातात आलं तेव्हा वरच्या चिठ्ठीवर काय लिहिलेलं? 'किचन आयटम'.

गुरुवारी पार्सल आलं, शनिवारी जांबोटीजवळ मित्राच्या शेतात मुक्काम ठरलेला. तपासलं का नाही? दोन दिवस रात्रपाळी होती. हे कारण पुरेसं नाही, मला कळतंय.

रात्री शेकोटीसाठी ऐनाचं मनगटाएवढं लाकूड उभं धरलं, वर चाकू ठेवला आणि दुसऱ्या लाकडानं पाठीवर टोला दिला. दुसऱ्याच टोल्याला मूठ हातात राहिली आणि पातं भाच्याच्या कानाजवळून गेलं. चौदा वर्षांचा पोर आहे तो. बहिणीला अजून सांगितलेलं नाही.

मूठ फोडली तर आत दोन इंची खिळ्यासारखी सळी, पात्याला वेल्ड केलेली, आणि बाकी सगळा पुट्टीसारखा मसाला. सोमवारी मशिनवर लावलं, सातांपैकी एकही ४४ च्या वर गेला नाही. कानस लावली तर ती लोण्यात रुतावी तशी रुतली. नीट पाणी दिलेल्या पोलादावरून कानस घसरते. ग्राइंडरवर सॅम्पलच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटत होत्या, ह्यांच्या थोड्या आणि मलूल. कोटिंग घासून व्हिनेगर लावलं, डाग नाही. हलकं स्टेनलेस. म्हणजे गंज चढत नाही हे एवढंच तो खरं बोलला होता!

आणि हा माणूस कार्बन स्टीलचा पुरावा म्हणून व्हिडिओ कॉलवर चुंबक चिकटवून दाखवायचा. चाकूच्या पात्यांचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. चुंबक दाखवणाऱ्याचा फोन तिथंच ठेवून द्या.

आता सरकारी यात्रा. ठाण्यात पहिला प्रश्न, 'याक री, एळु चाकू?' सात चाकू कशाला. फसलेला मी, आणि खुलासाही मीच देतोय. बुशक्राफ्ट, म्हणजे रानात हातानं कामं करून राहायची हौस, हा शब्द कानडीत कसा सांगायचा? 'रानात लाकूड तासायला' म्हटलं तर दोघं एकमेकांकडं बघून हसले. अर्ज कन्नडमध्ये आणा म्हणाले. कोर्टाबाहेर टाइप करून घेतला, १५० रुपये. दुसऱ्या दिवशी साहेब नाहीत. तिसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, आरोपी महाराष्ट्रातला, तिकडं जा. एक रजा टाकून निपाणी, कागल करत तिकडं गेलो. तिथले म्हणाले, पैसे बेळगावातून गेले, माल बेळगावात आला, गुन्हा तिकडचा. १९५६ पासून आमचं गाव कुणाचं हे ठरत नाही, आता माझी तक्रार कुणाची हेही ठरेना. परत आलो तर इथं नवीन उत्तर तयार: माल मिळालाय ना? मग हा सायबर गुन्हा नव्हे, ग्राहक कोर्टात जा. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. कुरिअरवाल्यानं तर पाठवणाऱ्याचा पत्ता द्यायलाच नकार दिला, 'प्रायव्हसी'. माझी भीड कुणी पाळली नाही, त्याची मात्र प्रायव्हसी!

नंतर एका वकील मित्रानं झापलं. 'काय गा तू, हद्दीचं कारण ऐकून परत आलास?' नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. कलम नंबर कागदावर लिहून न्या, तोंडी सांगून उपयोग नाही. आणि १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन पैसे गेल्या गेल्या करायचा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. मी एकोणीस दिवसांनी केला. ग्राहक आयोगात आपण राहतो तिथंच तक्रार करता येते, २०१९ च्या कायद्यानं, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. पण नोटीस पाठवायला खरा पत्ता लागतो. माझी नोटीस 'असा इसम येथे राहत नाही' शेरा घेऊन परत आली.

मुठीच्या पट्ट्या बसवायच्या आधीचा, उघड्या टँगचा फोटो मागा. खरा कारागीर तो हौसेनं पाठवतो. दोरी गुंडाळलेली मूठ आणि काळं पातं एकत्र दिसलं की दोन्हीखाली काय लपवलंय ते विचारा. लॉट घेणार असाल तर आलेल्यातला एक स्वतः कानसीनं घासून बघा, सॅम्पल नव्हे. आणि पाठीची कड काटकोनात, धारदार आहे का बघा, फेरो रॉडवर, म्हणजे आग पेटवायच्या ठिणगीच्या कांडीवर, ठिणगी तिथूनच पडते. ह्या सातांची पाठ साबणाच्या वडीसारखी गोल होती.

सहा मित्रांचे १८,६०० मी परत केले. दोघं नको म्हणत होते, तरी दिले. आता जळण फोडायला खानापूरच्या लोहाराचा कोयता नेतो, ट्रकच्या कमानपाट्याचा, ४५० रुपये. तो म्हणाला होता, 'तेल लावत जावा, गंजतोय.'

लिहायला आज बसलो ते मात्र पैशासाठी नव्हे. परवा निपाणीच्या एका अनोळखी मुलाचा मेसेज आला, 'दादा, तुमचा व्हिडिओ बघून चार चाकूंचे पैसे भरले, पार्सल अडकलंय म्हणतात, तुमचं कितीनं सुटलं?' बघितलं तर त्या माणसाचं पेज नव्या नावानं चालू आहे आणि सगळ्यात वर माझा व्हिडिओ आहे. निळा शर्ट, डाव्या मनगटाला तांबडा दोरा, मागं राजहंसगडाचा बुरूज. तो मी आहे. हातातला चाकू चांगला आहे, पण तो तुम्हाला मिळणार नाही.