दहा महिने, २२ रोल: घोडे, वाळवंट आणि निकॉन एफएम२

गेल्या गणपतीत निकॉन एफएम२ हा वापरलेला फिल्म कॅमेरा घेतला, तेव्हा डोळ्यांपुढे दोनच विषय होते: सारंगखेड्याचा घोडेबाजार आणि जैसलमेरकडची वाळू. दहा महिन्यांत २२ रोल झाले असून त्यांतले बहुतेक ४०० आयएसओचे (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता) कृष्णधवल आहेत. नाशिकमध्ये बसून अशा कामासाठी फिल्म कॅमेरा घ्यावा की नाही, असा विचार करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

निवड झाली ती शटरमुळे. १९८२ साली बाजारात आलेल्या या कॅमेऱ्याच्या शटरचा वेग १/४००० सेकंदापर्यंत जातो आणि शटर पूर्णपणे यांत्रिक असल्याने त्याला बॅटरी लागत नाही. दोन बटण-बॅटऱ्या केवळ प्रकाशमापकासाठी असतात. याची किंमत मला जानेवारीत जैसलमेरजवळच्या सम येथील वाळूच्या टेकड्यांवर कळली. पहाटेच्या थंडीत मापकाचे दिवे मंदावत मंदावत विझले, तरी अनुभवाने अंदाज बांधून मी उरलेला अर्धा रोल पूर्ण केला आणि त्यातली दोन चित्रे आज घरात लावलेली आहेत.

घोड्यांचा सराव मात्र पंचवटीत केला. वरातीच्या घोड्या सकाळी फिरवायला नेणाऱ्या एका मालकांना विचारले, तर ते म्हणाले, "साहेब, पायाकडं नका बघू, कानाकडं बघा. काय करणार ते कान आधी सांगतो." हे शब्दशः खरे निघाले. येथे सेकंदाला दहा चित्रे निघत नाहीत. प्रत्येक चित्रानंतर अंगठ्याने लिव्हर ओढावा लागतो, म्हणून क्षण आधी ओळखावाच लागतो. छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी दाखवून दिले होते की दौडताना चारही पाय अधांतरी असतात तो क्षण पाय ताणलेले असतानाचा नसून पोटाखाली गोळा झालेले असतानाचा असतो. तो क्षण मला २२ रोलांत फक्त चार वेळा सापडला. त्यासाठी घोडा जेथून जाणार त्या जागेवर आधीच फोकस करून ठेवणे आणि वेग १/१००० च्या खाली न आणणे, हेच दोन उपाय कामी आले.

सर्वांत अधिक शिकवले ते प्रकाशमापकाने. समोर जे काही असेल ते मध्यम करडे आहे असे धरूनच तो मोजतो, त्यामुळे उन्हात चमकणारी वाळू किंवा पांढरा नुकरा घोडा समोर आला की तो प्रकाश कमी करायला सांगतो आणि चित्रात दोन्ही राखेसारखे उतरतात. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत काढलेला माझा पहिला रोल असाच मळकट आला. नंतर मी वाळूसाठी आणि पांढऱ्या घोड्यासाठी सांगितल्यापेक्षा एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) जास्त, तर काळ्या घोड्यासाठी एक स्टॉप कमी प्रकाश देऊ लागलो. तेव्हा कुठे नुकऱ्याच्या गळ्यावरच्या शिरा दिसल्या आणि मारवाडी घोड्याचे टोकाशी एकमेकांना भिडणारे कान आभाळापासून वेगळे उठून आले. काळा घोडा पांढऱ्या वाळूवर उभा असेल, तर मी घोडा किंवा वाळू मापकाने मोजतच नाही. शेजारच्या माणसाच्या अंगावरचा प्रकाश मोजतो आणि तोच कायम ठेवतो.

वाळूच्या लहरींसाठी सूर्योदयानंतरचा पहिला अर्धा-पाऊण तास सोडू नये. ऊन तिरपे असेपर्यंत प्रत्येक लहरीची एक बाजू उजळ आणि दुसरी सावलीत राहते. ऊन वर चढले की सारे सपाट होते. नारिंगी फिल्टर लावल्यास निळे आभाळ गडद उतरते, मात्र त्यासाठी प्रकाश साधारण दोन स्टॉपनी वाढवावा लागतो. १०५ मिलिमीटरच्या लेन्सने एकामागच्या एक टेकड्या जवळ ओढल्यासारख्या दिसतात, आणि घोड्यासाठीही अंतर राखून उभे राहता येते. वाळवंटासाठी रुंद लेन्स हवी असे मला वाटे, पण तिने काढलेली चित्रे बहुतेक रिकामी निघाली.

आता त्रासाचे. जुन्या कॅमेऱ्याच्या मागच्या दाराच्या कडेचा, बाहेरचा प्रकाश अडवणारा स्पंज कालांतराने चिकट होतो, आणि विकणाऱ्याने तो बदलल्याचे सांगितले असले तरी तो बदललेला नव्हता. पहिल्या दोन रोलांवर प्रकाशाच्या पिवळट पट्ट्या आल्या. नवा स्पंज बसवल्यावर ते थांबले. सारंगखेड्याच्या धुळीत उघड्यावर रोल बदलल्याने फिल्म सपाट दाबून धरणाऱ्या मागच्या दाबपट्टीवर एक कण अडकला आणि ३६ चित्रांवर शेवटपर्यंत एकच सरळ रेघ ओढली गेली. तेव्हापासून रोल बदलायचा तो गाडीत, काचा बंद करून, आधी ब्लोअरने झटकून. रोल धुवायला कुरियरने बाहेरगावी पाठवावे लागतात, आणि रोल, धुलाई, स्कॅन मिळून एक चित्र मला ४० रुपयांच्या आसपास पडते. एकदा स्कॅनवर धुळीचे ठिपके इतके होते की तो रोल पुन्हा स्कॅन करून घ्यावा लागला.

शर्यतीतले पळणारे घोडेच टिपायचे असतील, तर माझे मत डिजिटलकडे झुकते. पण उभ्या घोड्याचा चेहरा, त्याची आयाळ आणि मागे पसरलेली वाळू एका चित्रात हवी असेल, तर हा कॅमेरा मी निःसंकोच सुचवतो. पुढच्या दत्तजयंतीला सहा रोल आणि फक्त १०५ ची लेन्स घेऊन पुन्हा सारंगखेड्याला जाणार आहे.