मुरमांसाठी फेसवॉश: सॅलिसिलिक की बेन्झॉइल?

दोन्ही मुरमांच्या फेसवॉशमध्ये असतात, म्हणून एकाऐवजी दुसरं चालून जाईल असा समज असतो. पण दोघांची कामं वेगळी. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं, त्यामुळे तेलकट रंध्रात शिरून मृत पेशींचं बसलेलं बूच सैल करतं. बेन्झॉइल पेरॉक्साइड मुरमांचे जिवाणू मारतं, आणि प्रतिजैविकांना सरावतात तसे जिवाणू याला सरावत नाहीत. म्हणजे ब्लॅकहेड्स-व्हाइटहेड्स जास्त असतील तर पहिलं, लाल, ठणकणारे, पू धरलेले फोड जास्त असतील तर दुसरं. कागदावर निकाल इथेच लागतो.

घरात मात्र टॉवेल असतात.

बेन्झॉइल कपड्याचा रंग उडवतं. डाग पडत नाही, रंगच जातो, त्यामुळे किती धुतलं तरी परत येत नाही. गडद निळ्या टॉवेलवर फिकट नारिंगी ठिपके दिसले की समजावं. चेहरा नीट धुतला तरी ते कपाळावरच्या केसांच्या कडेला, भुवयांत आणि जबड्याखाली थोडं उरतं. रात्री घाम आला की तेच उशीच्या अभ्र्यावर उतरतं, टी-शर्टच्या गळ्यावरही. उपाय आहे: पांढरा टॉवेल, पांढरा अभ्रा, हात मनगटापर्यंत धुणं. पण रोज दोन वेळा हे कोण सांभाळणार? घरात टॉवेल सामायिक असेल तर विचारूच नका. माझं पारडं सॅलिसिलिककडे झुकतं ते एवढ्या एका कटकटीमुळे.

सॅलिसिलिक घ्यायचं तर २ टक्क्यांचं घ्यावं, ०.५चंही मिळतं, पण धुऊन टाकायच्या वस्तूला त्वचेवर वेळच किती मिळतो! वाटाण्याएवढं घेऊन ओल्या चेहऱ्यावर मिनिटभर हलक्या हाताने फिरवा, मग कोमट पाण्याने धुवा. बेन्झॉइलला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. ओठांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि डोळ्यांभोवतीची जागा सोडून. त्यात १० टक्क्यांच्या मागे लागू नये. लावून ठेवायच्या जेलमध्ये २.५ टक्केही जवळपास तेवढंच काम करतं, आणि सोलवटणं, जळजळ कमी होते.

आणखी एक. धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा झाला की दोष ॲसिडच्या माथी मारला जातो. पुष्कळदा गुन्हेगार फेसाचा घटक असतो. लेबलवर घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने येतात (१ टक्क्याच्या खालचे कसेही लिहिता येतात), तेव्हा पाण्यानंतर लगेच सोडियम लॉरिल सल्फेट दिसलं तर बाटली परत ठेवा. कोकामिडोप्रोपिल बीटेन किंवा सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट वर असेल तर सौम्य निघण्याची शक्यता जास्त. फेस कमी येतो, त्याचं मनावर घेऊ नये.

सॅलिसिलिकला सहा ते आठ आठवडे द्या. तरीही लाल फोड हटत नसतील तर हट्ट सोडून बेन्झॉइल आणावं, हे मलाही मान्य. गाठी खोल आणि दुखऱ्या असतील तर दोन्ही बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर सॅलिसिलिक पहिल्या दिवसापासूनच बाद. मग पांढरे टॉवेल आणा.