आय-80 वरचं डायनर: कॉफी पाणचट, तरी थांबाच

आई पुण्याहून आलीये, तिला नायगारा दाखवायला निघालो होतो, पेनसिल्व्हेनियात भूक लागली म्हणून हायवे सोडून थोडं आत गेलो तर हे डायनर. रविवार, सकाळचे साडेदहा, तुफान गर्दी. वीस मिनिटं थांबा म्हणाले. आणि दाराजवळच एक छोटं गोल टेबल चक्क रिकामं, वर पांढरंशुभ्र कापड! माझं डोकंच सटकलं. म्हटलं हे द्या की. वाढणाऱ्या बाई, सत्तरीच्या असतील, म्हणाल्या ते बुक आहे, तो अजून आला नाही.

मी धुसफुसत उभा, आई मात्र टेबल बघत होती. म्हणाली अरे, मीठ-लिंबू वाढलंय बघ. खरंच, बशीत लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ, शेजारी उपडा ग्लास, एक लाल गुलाब, मेणबत्ती. आईच्या मते पान मांडलंय म्हणजे माणूस यायचाच आहे.

मग बाईंनीच सांगितलं. युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकाचं टेबल, व्हिएतनामच्या वेळेपासूनची इथली पद्धत. लिंबू म्हणजे वाट्याला आलेला कडवटपणा, मीठ म्हणजे घरच्यांचे अश्रू, ग्लास उपडा कारण तो प्यायला नाही. यांच्या वर्गमैत्रिणीचा भाऊ 1971 साली तिकडे गेला तो गेलाच. तेव्हा कॉलेजच्या पोरांनी काढलेली धातूची कडी अडीच डॉलरला मिळायची, त्यावर बेपत्ता माणसाचं नाव आणि तारीख, तो परत आला की त्याचं कडं त्यालाच द्यायचं. यांचं अजून हातात आहे, अक्षरं घासून गुळगुळीत झालीयत. पण मला खरं भारी वाटलं ते फोनचं. त्याची आई घराबाहेरच पडेना, न जाणो मागे फोन वाजला तर? म्हणून या पाच-सहा मैत्रिणी पाळीपाळीने तिच्या घरी फोनपाशी बसायच्या, ती तेवढ्यात बाजार करून यायची, आणि बसल्या बसल्या पोरी पॅरिसला वाटाघाटी करणाऱ्या उत्तर व्हिएतनामच्या लोकांना पत्रं लिहायच्या की आमचा माणूस कुठाय सांगा. 1973 ला 591 अमेरिकन कैदी सुटून आले, त्यात हा नव्हता. त्याची आई वारली, मैत्रिणींतल्या तिघी उरल्या, त्यातल्या एकीचं हे डायनर. लिंबू रोज सकाळी ताजं कापतात.

हे सगळं मी आईला मराठीत सांगतोय तर ती एकदम म्हणाली, आपला तांबे. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे, डिसेंबर 1971 चं युद्ध, त्यांचं सुखोई विमान पाडलं पाकिस्तानात. बायको दमयंती, बॅडमिंटनची चॅम्पियन, 1970 चं अर्जुन अवॉर्ड, लग्नाला जेमतेम दीड वर्ष. तिकडच्या पेपरात पकडलेल्या पायलटांत 'टॉम्बे' असं नाव छापून आलं होतं, पण पाकिस्तान सरकारचं उत्तर कायम एकच, आमच्याकडे कोणी नाही. असे आपले 54 जण बेपत्ता. 2007 ला नातेवाइकांना तिथले तुरुंग दाखवले, हाती काही लागलं नाही. त्या दमयंतीजवळ कोण बसलं असेल रे फोनपाशी, असं आई म्हणाली आणि मला काही उत्तर सुचेना.

हां, खाणं. पॅनकेक मऊ, मोठे, एकात दोघांचं होतं (अंडं असतं, आईने खाल्ला नाही). तिच्यासाठी ग्रिल्ड चीज, एका बाजूने करपलेलं, सांगितल्यावर न कुरकुरता बदलून दिलं. हॅश ब्राउन एक नंबर, कुरकुरीत. कॉफी म्हणजे कप धुतलेलं पाणी, पण कितीही वेळा भरून देतात. पार्किंग मागच्या बाजूला, वॉशरूम एकच. चार स्टार, एक कॉफीचा कापला.

निघताना बाईंनी आईला ते नाव पुन्हा विचारलं आणि ऑर्डरच्या वहीत लिहून घेतलं. आईने एकेक अक्षर सांगितलं, टॉम्बे नाही, तांबे.