स्टँडर्ड की शंभर थाऊ लांब? स्मॉल ब्लॉक शेवीच्या हेडसाठी व्हॉल्व्ह निवडताना

शेवरोलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन १९५५ मध्ये आलं, आणि त्याच्यासाठी एडलब्रॉक, डार्ट, एएफआर, ब्रॉडिक्स अशा कंपन्या अजूनही नवी हेड (सिलिंडरवर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला भाग) बनवतात. हेड घेणारा पोर्ट, म्हणजे हवेचे मार्ग, किती मोठे, इनटेक व्हॉल्व्ह १.९४ इंची की २.०२ इंची, हे बारकाईने बघतो. व्हॉल्व्हच्या लांबीकडे मात्र लक्ष जातं ते खोकं उघडल्यावर. माझंही तेच झालं. ३५० घन इंची इंजिनासाठी मागवलेल्या हेडमध्ये लांब व्हॉल्व्ह निघाले, विकणाऱ्याने ते सांगितलं नव्हतं, आणि जुने पुशरॉड (कॅमची हालचाल वर नेणाऱ्या दांड्या) घालून रॉकर (व्हॉल्व्हचं टोक दाबणाऱ्या तरफा) बसवले तर रोलरचा माग व्हॉल्व्हच्या टोकाच्या पार कडेला उमटला. इंजिन सुरू करण्याआधी लक्षात आलं म्हणून गाईड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या, वाचले.

निवड मुख्यतः दोन लांबींतली. स्टँडर्ड व्हॉल्व्ह साधारण ४.९१ इंचांचा. दुसरा त्याहून ०.१०० इंच लांब, म्हणजे भोसरीच्या वर्कशॉपमधल्या भाषेत शंभर थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), अडीच मिलिमीटर. एवढ्याशा फरकाने हवा जास्त जात नाही. फरक पडतो तो स्प्रिंगला मिळणाऱ्या जागेत, आणि सगळा निर्णय तिथेच आहे.

व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंगची बसती उंची स्टँडर्ड लांबीत साधारण १.७०० इंच येते, लांब व्हॉल्व्हमध्ये १.८००. एक स्प्रिंग अशी धरा की तिची वेटोळी १.१५० इंचांवर एकमेकांना टेकतात. १.७०० वर बसवली तर दाबायला ०.५५० इंच मिळाले. त्यातून ०.०६० इंच सुरक्षिततेसाठी सोडायचे, म्हणजे लिफ्ट, व्हॉल्व्ह किती उघडतो ते अंतर, ०.४९० पर्यंतच. १.८०० वर हीच स्प्रिंग ०.५९० पर्यंत चालते. कागदावर लांब व्हॉल्व्ह जिंकला असं वाटतं, आणि बरेच जण इथेच फसतात. स्प्रिंगचा रेट, म्हणजे एक इंच दाबायला लागणारा जोर, ३५० पौंड असेल, तर शंभर थाऊ उंच बसवल्यावर सीटवरचा (बंद व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेवरचा) दाब ३५ पौंडांनी उतरतो. आधी १२० होता, तो ८५ झाला. त्या दाबावर जास्त लिफ्टच्या कॅमचा व्हॉल्व्ह वरच्या आरपीएमला सीटवर स्थिर बसणार नाही. खाली शिम (पातळ चकती) घालून दाब परत आणलात तर मिळवलेली जागा गेली. म्हणून लांब व्हॉल्व्ह घ्यायचा तो त्या उंचीसाठी बनवलेल्या उंच स्प्रिंगसकटच. जुन्याच स्प्रिंगवर तो घालण्यात काहीही अर्थ नाही.

जागेचा हिशेब दुसऱ्या ठिकाणीही लागतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर रिटेनरचा (स्प्रिंगला वरून धरणाऱ्या वाटीचा) तळ आणि गाईडवरचं सील यांच्यात निदान ०.०५० इंच उरले पाहिजेत. १९९६ पासूनचे कारखान्याचे व्होर्टेक हेड हवेच्या बाबतीत उत्तम, पण मूळ रूपात सुमारे ०.४६० लिफ्टलाच अडतात, ते नेमके या जागेमुळे.

आता लांब व्हॉल्व्हबरोबर काय काय बदलावं लागतं ते बघा. टोक वर गेलं की रॉकर वर जातो, मग फ्लॅट टॅपेटच्या (कॅमवर सपाट तळाने घासत चालणाऱ्या टॅपेटच्या) ७.८०० इंची पुशरॉडच्या जागी साधारण ७.९०० लागतो. रॉकर स्टडवर नटला पुरेसे आटे मिळतात का, हे बघावं लागतं. रोलर रॉकर असतील तर टॅपेट कव्हरला आतून घासण्याची शक्यता वाढते आणि उंच कव्हर घ्यावं लागतं. वजनाची भीती मात्र घालू नका: ११/३२ इंची स्टेमवर (व्हॉल्व्हच्या दांडीवर) शंभर थाऊ म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास.

कुणी मधला मार्ग म्हणून ०.०५० इंच उंच बसणारे कॉटर (रिटेनर व्हॉल्व्हवर अडकवणाऱ्या पाचरी) सुचवेल. स्टँडर्ड व्हॉल्व्ह, थोडी जास्त जागा, पुशरॉड तेच. लिफ्ट जरा कमी पडत असेल तर हा उपाय चांगला आहे. फक्त रिटेनर वर सरकल्याने व्हॉल्व्हचं टोक त्याच्याबाहेर कमी उरतं, आणि रॉकरचं अंग रिटेनरला लागू शकतं. हाताने इंजिन फिरवून बघितल्याशिवाय झाकण लावू नका.

माझं मत स्पष्ट आहे. रोजची गाडी, हायड्रॉलिक कॅम, ०.५०० च्या आतली लिफ्ट असेल तर स्टँडर्ड लांबीच घ्या. वाचलेले पैसे चांगल्या स्प्रिंगवर आणि सीट कापून घेण्यावर घाला. ०.५०० ते ०.५५० मध्ये आधी कॉटरचा हिशेब मांडा. रोलर कॅम आणि ०.६०० च्या आसपास लिफ्ट असेल तर शंभर थाऊ लांब, आणि पुशरॉड-कव्हरचा खर्च पहिल्या दिवसापासून धरून चला.

एक खबरदारी दोन्हीकडे लागू. कॅटलॉगमधली एकूण लांबी दोन हेडची तुलना करायला पुरत नाही. सीट वीस थाऊ खोल कापली गेली असेल तर स्टँडर्ड व्हॉल्व्हचं टोकही तेवढंच वर येतं. जुनी, रिपेअर केलेली हेड घेताना तर हे हमखास होतं. विकणाऱ्याला व्हॉल्व्हच्या लांबीबरोबर स्प्रिंगची बसती उंची विचारा, आणि हेड हातात आल्यावर ती स्वतः मोजा. पुशरॉड त्यानंतर मागवायचे: टोकाला मार्करची शाई लावा, लांबी बदलता येणारा चेकिंग पुशरॉड घाला, तपासणीपुरती हलकी स्प्रिंग बसवून इंजिन दोन फेरे फिरवा. माग टोकाच्या मधोमध आणि अरुंद येईल ती लांबी लिहून घ्या.

शेवीच्याच नंतरच्या पिढीच्या एलएस इंजिनवाल्यांनी हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. तिथे स्टेम ८ मिलिमीटरचा, स्प्रिंगची मूळ बसती उंचीच १.८०० इंच, आणि कारखान्याचे रॉकर ठरलेल्या उंचीवर बोल्टने आवळलेले असतात. नट फिरवून काही सावरता येत नाही, त्यामुळे टोकाची उंची बदलली की टॅपेटचा प्रीलोड (हायड्रॉलिक टॅपेट आधीच किती दाबलेला आहे ते) थेट बदलतो आणि तो पुशरॉडच्या लांबीनेच परत आणावा लागतो.